अंजनाच्या पायातले काळे दाणे

"मदुरा फूट," डॉक्टर म्हणाले.

चिमट्यात धरलेला गॉजचा तुकडा त्यांनी खिडकीच्या उजेडात नेला आणि मला जवळ बोलावले. पांढऱ्या कापडावर पुवाबरोबर बारीक कण चिकटले होते. मोहरीपेक्षाही लहान, आणि काळे.

"हे दाणे दिसतात? ही एक बुरशी आहे. लोणच्यावर येते तशी, पण ही मांसात वाढते आणि हाडापर्यंत जाते. दाणे पिवळे किंवा पांढरे निघाले असते तर औषध देऊन पाहिले असते. काळ्यावर आमच्याजवळ औषध नाही. पाय घोट्याच्या वर कापावा लागेल."

"आणि नाही कापला तर?" मी विचारले.

"तर पुढे गुडघ्याच्या वर कापावा लागेल."

माझी पत्नी अंजना स्टुलावर बसली होती. उजव्या पायावर तिने लुगड्याचा पदर ओढून घेतला होता. ती डॉक्टरांकडे न बघता म्हणाली, "मंग मी वावरात निंदाले कशी जाईन?"



आमचा भाग मुंबई राज्यात गेला त्यानंतर दोनएक वर्षांनी, यवतमाळच्या दवाखान्यात हे घडले. ज्यांच्या घरात असा न दुखणारा, सुजत जाणारा पाय असेल, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. आजार विरळा आहे असे डॉक्टर सांगतात. पण शेतात अनवाणी चालणारी माणसे आपल्याकडे घरोघर आहेत, म्हणून लिहिलेले बरे. माझ्या चुकीसकट लिहितो, कारण ती वगळली तर या आजाराबद्दल सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे उरत नाही.

आमचे गाव घाटंजीच्या बाजूला. कोरडवाहू कापूस आणि तूर. त्याच्या काही वर्षे आधी रानडुकरांचा त्रास होता, म्हणून मी तुरीच्या भोवती बाभळीच्या फांद्यांचे कुंपण घातले. अंजना डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिथून येत असताना तिच्या तळपायात काटा गेला. तो मीच काढला. अर्धा निघाला, अर्धा आत राहिला.

गावात काटा काढायला माझ्याकडे येत. वडिलांकडेही येत असत. आमची रीत अशी. काटा सुईने उकरायचा, मग सुई तापवून बिब्ब्यात खुपसायची आणि तिच्या टोकावर आलेला तेलाचा थेंब जखमेत सोडायचा. कातडी जळते, जागा काळी पडते, पण पू होत नाही आणि राहिलेला काटा आपोआप वर येतो, असा आमचा अनुभव. शेजारच्या गावांतूनही लोक येत. "मास्तराच्या हाताले गुण आहे," असे म्हणत. मी शाळेत मास्तर होतो, तरी लोकांना माझी शाळेपेक्षा ही विद्या मोठी वाटे. खरे सांगायचे तर मलाही वाटे.

अंजनाची जखम भरली. वर्षभराने त्याच जागी सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून आम्ही दोघांनीही मनावर घेतले नाही. या आजाराचे हेच वाईट आहे. तो माणसाला कामावरून उठवत नाही. अंजनाने त्या गाठीवर उभे राहून दोन हंगाम कापूस वेचला.

मग गाठीवर फोड आले. एक फुटायचा, बुजायचा, शेजारी दुसरा यायचा. त्यातून पातळ पाणी यायचे आणि पाण्यात रव्यासारखे पिवळसर कण. ते मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आनंद झाला होता. मी अंजनाला म्हणालो, "हे पाह्य, काटा आतमंदी कुजला. आता भुगा होऊन बाहेर पडून राह्यला."

ती म्हणाली, "एवढुशा काट्याचा एवढा भुगा?"

"बाभळीचा होता," मी म्हणालो.

प्रत्येक नव्या तोंडात मी बिब्बा सोडू लागलो. भुगा लवकर पडावा म्हणून. ती दात दाबून बसायची. पाऊल सुजून वहाणेत मावेना, तळवा बाहेरच्या बाजूला फुगून गोल झाला आणि कातडी जळून जळून कोळशासारखी दिसू लागली. शेवटी तिला तो पाय टेकवेना, जांघेत अवधाणाची गाठ आली, तेव्हा घाटंजीच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी पाय पाहताच यवतमाळला जायला सांगितले. निघायच्या आदल्या दिवशीही मी बिब्बा घातला होता. मोठ्या डॉक्टरांपुढे जखम ओली दिसू नये असे मला वाटले.

यवतमाळला आमच्या पुढे एक माणूस मांडीवर लहान मुलगी घेऊन बसला होता. मुलीच्या पोटावर डागल्याच्या खुणा होत्या. डॉक्टर त्याच्यावर एवढे संतापले की सगळी ओळ गप्प झाली. "आधी घरी भाजता आणि मग माझ्याकडे आणता. तुम्हाला माणूस म्हणायचे की काय म्हणायचे?" तो माणूस खाली मान घालून ऐकत होता.

नंतर आमचा नंबर लागला.

"घरी काही लावले होते का?" डॉक्टरांनी विचारले.

"नाही जी," मी म्हणालो.

"मग कातडी अशी काळी, भाजल्यासारखी का?"

"मिठाच्या पाण्यानं शेकत होतो. अन् शेतात अनवाणी हिंडते जी ते. काळ्या मातीतलं काम."

मी मास्तर होतो. अंगात धुतलेला सदरा आणि डोक्यावर टोपी होती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. अंजनाने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा पायाकडे पाहू लागली. त्यानंतर त्यांनी गॉजवर दाणे घेतले, ते मी आरंभी सांगितलेच आहे.

आम्हाला दाखल करून घेतले. एक्स-रे काढला. एक्स-रे म्हणजे हाडांचा फोटो. पावलातल्या एका लहान हाडाची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती, बाकीची शाबूत होती. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. "सोमवारी ऑपरेशन करू. घोट्याच्या वर कापले की निभावेल."

वॉर्डात शेजारच्या खाटेवर बंजाऱ्यांच्या तांड्यातली एक म्हातारी होती. बैलाने ढकलल्यामुळे तिचा हात मोडला होता. तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. प्लास्टरच्या हातानेही ती सगळ्या वॉर्डावर हुकूम चालवी. मी अंजनाला भाकर कुस्करून देत होतो, तर म्हणाली, "काय व माय, पाय दुखते का हात? नवऱ्याले चांगलं कामाले लावलं तू."

अंजना म्हणाली, "लावलं नाई याडी. आपल्या मनानं करून राह्यले."

"आपल्या मनानं?" म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "मंग काईतरी केलं असन यानं. नवरा उगाच भाकर कुस्करत नाई."

आजूबाजूच्या बाया हसल्या. अंजनाही हसली. मी खाली मान घालून भाकर कुस्करत राहिलो.

शनिवारी परिटाकडून धुतलेल्या चादरी आल्या. सिस्टरने अंजनाच्या खाटेवरची बदलली. मी चादरीची कड गादीखाली खोचत होतो तेव्हा कोपऱ्यावरची परिटाची खूण माझ्या हातात आली. दोन काळे ठिपके आणि एक आडवी रेघ. ही खूण बिब्ब्याच्या तेलाची असते. कापड विरून फाटेल, पण ती खूण जात नाही. किती भट्ट्या झाल्या असतील त्या चादरीच्या, तरी ठिपके काल काढल्यासारखे होते.

मी चादर हातात धरून उभा राहिलो. काळ्यावर औषध नाही. पिवळे असते तर दिले असते. घरी मी जे पाहिले होते ते पिवळे होते.

मला वैद्यकीतले काही कळत नव्हते. कदाचित आजार वाढल्यावर दाणे आपोआप काळे होत असतील. पण कदाचित नसतीलही. डॉक्टर जो रंग पाहून पाय कापणार होते तो आजाराचा नसून माझ्या सुईचा असू शकत होता, आणि हे तिथे फक्त दोघांना ठाऊक होते. एक मी. दुसरी खाटेवर बसून माझ्याकडेच पाहत होती.

"काय झालं?" तिने विचारले.

"काई नाही," मी म्हणालो. हे दुसरे खोटे.

तेव्हाच सांगायला हवे होते. डॉक्टर दुपारी बाहेरगावी गेले आहेत असे कळले आणि मला सुटल्यासारखे वाटले. हेही लिहून ठेवतो. रविवारभर मी मनाची समजूत घालत होतो. एवढा शिकलेला माणूस रंगाला फसेल का, मी सांगून उगाच घोळ होईल, आपण सांगायचे आणि त्यांनी हाकलून द्यायचे. खरी भीती निराळी होती. आमच्या गावचा एक जण त्याच दवाखान्यात पलीकडच्या वॉर्डात होता, आणि मास्तराच्या बिब्ब्याने मास्तरणीचा पाय गेला ही बातमी माझ्याआधी गावात पोचली असती.

सोमवारी सकाळी सिस्टर साबण आणि वस्तरा घेऊन आली. पोटरीवरचे केस काढायचे होते. अंजनाने लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेतले आणि डोळे मिटले. डॉक्टर वॉर्डाच्या दारातून आत येत होते. मी पुढे होऊन म्हणालो, "साहेब, जरा बाहेर या. बोलायचं आहे."

"इथेच बोला. मला वेळ नाही."

मग मी तिथेच बोललो. सगळा वॉर्ड ऐकत होता. बिब्बा, सुई, दोन वर्षे, घरून निघायच्या आदल्या दिवशीचा शेवटचा थेंब.

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "मी तुम्हाला विचारले होते."

"हो जी."

"तुम्ही मास्तर ना? मुलांना खरे बोलायला शिकवता?"

डॉक्टर आणखी काही बोलणार होते, पण एकदम थांबले आणि माझ्याऐवजी अंजनाकडे वळले. "बाई, बिब्बा लावायच्या आधी दाणे तुम्ही पाहिले होते? कोणत्या रंगाचे?"

ती म्हणाली, "पिवळे होते जी. रव्यावानी. पाय मीच धुवत होती, मले मालूम आहे."

"नक्की?"

"बिब्बा घातला का आठ-दहा दिवस काळे पडत. मंग पुन्हा पिवळे."

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले. बराच वेळ पाऊल हातात घेऊन पाहत राहिले. मग सिस्टरला म्हणाले, "वस्तरा ठेवून द्या. आज काही करायचे नाही." उठताना माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मीही रंगावर गेलो. दाणा फोडून पाहायला हवा होता."

ते गेल्यावर याडीने कूस बदलली आणि म्हणाली, "मी म्हनलं होतं ना, काईतरी केलं असन." पण या वेळी कोणी हसले नाही.

दुपारी मी अंजनाला विचारले, "तू काहून नाही सांगतलं?"

"तुमी सांगतान म्हनून वाट पाहून राह्यलती."

"अन् म्या सांगतलंच नसतं तर?"

"तं मी सांगतलं असतं. पाय माहा होता. मी काय येडी आहो?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "पन तुमी सांगतलं ते बरं झालं. माह्या तोंडून निंघालं असतं तं तुमी गावात कोणाच्या दारी गेले नसते."

पाय धुऊन स्वच्छ पट्टी बांधली आणि आतून नवे पाणी येण्याची वाट पाहणे सुरू झाले. रोज सकाळी सिस्टर पट्टी सोडायची आणि डॉक्टर भिंग घेऊन बसायचे. पहिल्या सकाळी काळेच दाणे. दुसऱ्याही. तिसऱ्या सकाळी काहीच आले नाही, आणि अंजनाला ताप भरला. डॉक्टर म्हणाले की फार दिवस थांबता येणार नाही, बुरशी असेल तर प्रत्येक दिवस महाग आहे. तेव्हा मला वाटले, मी बोललो त्यामुळेच आता पाय गुडघ्याच्या वर जाणार. सांगितले नाही तेव्हा घोटा जात होता, सांगितले तर गुडघा. त्या दिवसांत मी जेवलो की नाही हे मला आठवत नाही.

मग एका सकाळी गॉजवर राखाडी कण आले, आणि त्यानंतरच्या सकाळी पिवळे.

डॉक्टरांनी एक दाणा दोन काचांमध्ये दाबून फोडला, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला बोलावले. मला निळसर, केसासारखे बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसले. "खऱ्या बुरशीचे धागे याच्या कितीतरी पट जाड असतात," ते म्हणाले. खात्रीसाठी त्यांनी बायॉप्सी घेतली, म्हणजे जखमेतला मांसाचा लहान तुकडा काढला, आणि काचांबरोबर नागपूरला पाठवला. तिथे त्याचे कल्चर केले. कल्चर म्हणजे जंतू बाटलीत वाढवून ओळखणे. हा जंतू फार सावकाश वाढतो, त्यामुळे उत्तर यायला आठवडे लागले. उत्तर आले ते नोकार्डिया.

डॉक्टरांनी मला समजावले ते असे. नोकार्डिया मातीत राहतो. काट्याने किंवा खिळ्याने कातडी फुटली की आत शिरतो. काही जण त्याला बुरशीत धरतात, काही जंतूंत, पण रोग्याला महत्त्वाचे एवढेच की त्याच्यावर औषध चालते. अशा सूज, छिद्रे आणि दाणे असलेल्या आजाराला मायसेटोमा म्हणतात. तो बुरशीने होतो तसा नोकार्डियानेही होतो, आणि वरून पाय सारखाच दिसतो. आत कोण आहे हे पाहिल्याशिवाय कापूही नये आणि औषधही देऊ नये.

"पण मी वचन देत नाही," ते म्हणाले. "हाड कुरतडले आहे. तीन महिन्यांत सूज उतरली नाही तर पुन्हा त्याच टेबलावर यावे लागेल."

औषध सल्फाडायझीन. पांढऱ्या गोळ्या, दिवसातून चारदा, बरोबर सोडा आणि पाणीच पाणी. पाणी कमी पडले तर औषधाचे खडे मूत्रपिंडात साचतात. जोडीला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने. अंजना तांब्यावर तांब्या पिऊन वैतागायची. "पोट पान्यानंच भरलं, आता जेवू कायले?" याडी तिला सांगायची, "पी माय, पी. तांड्यात आमी एका मडक्यासाठी कोसभर जातो. तुले लोकं उशाशी आणून देऊन राह्यले."

महिनाभराने लघवीत रक्त दिसले. औषध बंद करावे लागले. ते दिवस सोमवारच्या सकाळपेक्षा कठीण गेले, कारण आता करण्यासारखे, सांगण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नव्हते. दोन छिद्रे बुजली होती, त्यातले एक पुन्हा ओले झाले. आठवड्याने लघवी स्वच्छ आली आणि कमी मात्रेत गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मग हळूहळू, एकामागून एक, तोंडे मिटत गेली. तीन महिने झाले त्या दिवशी डॉक्टरांनी तळव्याभोवती फीत गुंडाळली, आकडा पाहिला आणि "घरी जा" एवढेच म्हणाले. गोळ्या पुढे वर्षावर चालल्या. छिद्रे बुजली म्हणून थांबायचे नाही, असे त्यांनी दोनदा बजावले. मीही तुम्हाला तेच सांगतो.

पाय पूर्वीसारखा झाला नाही. घोटा पुरता वळत नाही, तळवा एका बाजूला जाड राहिला, ती किंचित कललेली चालते. पण चालते, आणि निंदायला जाते. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी मला वॉर्डासमोर झापले, आणि त्याच दमात स्वतःची चूकही मान्य केली. एवढे मला जमले नव्हते.

बिब्बा मी सोडला. लोक येतात, तेव्हा काटा सुईने काढता आला तर काढतो, नाहीतर घाटंजीला पाठवतो. काही जण नाराज होतात. दवाखान्यात जाणाऱ्याला मी एकच गोष्ट सांगतो. घरी जे केले असेल ते डॉक्टरला सांगा. तो रागावेल. रागावू द्या.

घरी आलो त्या वर्षी कापसाची पहिली वेचणी सुरू व्हायच्या आधी मी अंजनाला घाटंजीच्या बाजारात नेले. डॉक्टरांनी अनवाणी चालायला कायमची मनाई केली होती, आणि दुकानातली कोणतीही वहाण तिच्या उजव्या पायाला बसत नव्हती. बाजाराच्या कडेला एक चांभार बसला होता. माझ्या मागून येत तिने सवयीने पदर त्या पायावर सोडला, डावा पाय तेवढा पुढे केला आणि म्हणाली, "याचं माप घ्या. दुसरा थोडा मोठा ठेवा."

चांभाराने कागद जमिनीवर पसरला. "अंदाजानं जोडा होत नाई बाई. दोनी पाय ठेवा."

बाजारात ओळखीचे लोक होते. तिने एकदा आजूबाजूला पाहिले. मग पदर उचलून खांद्यावर टाकला आणि दोन्ही पाय कागदावर ठेवले.